खाडगाव रोडवरची वही

मुलीची अकरावी-बारावी लातूरला करायची हे घरात ठरलं, तेव्हा तिच्याबरोबर मीही जायचं हे न बोलताच ठरून गेलं. नांदेड जिल्ह्यातल्या आमच्या मुखेड तालुक्यातली कितीतरी घरं दरवर्षी अशी दोन ठिकाणी वाटली जातात. वडील शेतीपाशी नाहीतर नोकरीपाशी राहतात, आई लातूरला खोली घेते आणि लेकराला वेळेवर जेवू घालते. जून २०२३ मध्ये आम्ही दोघी शेगडी, दोन गाद्या आणि ज्वारीचं पोतं घेऊन निघालो. खाडगाव रोड, उद्योगभवन आणि आजूबाजूच्या गल्ल्या या सगळ्या पट्ट्याला लोक 'ट्यूशन एरिया' म्हणतात. तिथं दर दोन घरांआड 'रूम भाड्याने देणे आहे' अशी पाटी दिसते.

एका घरापुढं आमच्या आधी आणखी एक मायलेक उभ्या होत्या. घरमालकांनी त्या बाईंना विचारलं, "आडनाव काय?" त्यांनी सांगितलं. "गाव?" तेही सांगितलं. मग ते म्हणाले, "खोली परवाच दिली हो." त्या निघून गेल्या. आमची पाळी आली तेव्हाही हेच दोन प्रश्न आले. आमची उत्तरं ऐकून ते म्हणाले, "वर जाऊन बघून या, कालच रंग दिलाय." आम्ही ती खोली बघितली नाही. दोन गल्ल्या सोडून दुसरी मिळाली, तिथं राहिलो.

रात्री फोनवर हे मी नवऱ्याला सांगितलं. दुसऱ्या दिवशी बहिणीला सांगितलं, नंतर शेजारच्या खोलीतल्या बाईंना. सगळ्यांचं उत्तर थोड्याफार फरकानं एकच होतं, की असं असतंच. मला खटकलं ते वेगळंच. दर वेळी सांगताना माझी हकिकत आखूड होत होती. पहिल्यांदा मी त्या मुलीच्या हातातली दहावीच्या गुणपत्रकाची फाइल सांगितली होती, तिच्या आईनं पदर नीट करून "बरं, येतो मग" म्हटलेलं सांगितलं होतं. आठवडाभरात उरलं ते एवढंच : लातूरला रूमसाठी जात विचारतात. एवढं वाक्य तर न बघितलेला माणूसही म्हणतो. मग मी बघितलेलं गेलं कुठं?

म्हणून मी लिहायला बसले. मुलीच्या दहावीच्या वह्या मी बरोबर आणल्या होत्या. त्यातली मागची कोरी पानं काढली, दाभणानं शिवली आणि कॅलेंडरच्या जाड कागदाचं वेष्टन घातलं. मुलगी सकाळी क्लासला गेली की दुपारच्या डब्यापर्यंतचा वेळ माझा होता. त्या वेळात घरमालकांच्या दारातला तो प्रसंग मी दिसला तसा लिहून काढला. तो पानभराचा झाला, पण लिहून झाल्यावरही मन थांबेना. मला त्यावर काहीतरी म्हणायचं होतं आणि काय म्हणायचं ते नीट कळत नव्हतं.

लिहिण्याची भीती आमच्या घरात जुनी आहे. माझे आजोबा निजामाच्या राज्यात वाढले. सभा घ्यायची तर आधी परवानगी लागे. ज्या फर्मानानं ही सक्ती केली त्याला लोक 'गश्ती निशाण त्रेपन्न' म्हणत, आणि आजोबा म्हातारपणीही ते शब्द आवाज खाली आणून उच्चारायचे. त्यांचं अक्षर सुरेख होतं, पण हिशेबापलीकडं त्यांनी कधी काही लिहिलं नाही. आ. कृ. वाघमारे यांनी १९३८ मध्ये 'मराठवाडा' हे पत्र सुरू केलं, निजाम सरकारनं त्यावर बंदी घातली, आणि पुढं ते नाव बदलून बदलून काढावं लागलं, हा इतिहास मी कॉलेजात शिकले. पण आजोबांच्या घरात बसून त्याचा अर्थ जास्त कळला होता. आपल्याला काय वाटतं ते कागदावर ठेवणं हे पुढाऱ्यांचं, प्राध्यापकांचं, पुण्या-मुंबईच्या लोकांचं काम आहे, असं आमच्याकडची शहाणी माणसं आजही मनापासून मानतात. भीती सरली तरी तिनं लावलेलं वळण मागं राहिलं.

ते वळण मोडणारा माणूस मात्र आमच्याच जिल्ह्यात होऊन गेला. मी नांदेडच्या पीपल्स कॉलेजात बी.ए. केलं. नरहर कुरुंदकर १० फेब्रुवारी १९८२ ला औरंगाबादेत व्यासपीठावरच गेले, वयाच्या पन्नाशीच्या आत. तेव्हा माझी पिढी जेमतेम जन्मली होती. पण कॉलेजात त्यांचं नाव 'गुरुजी' असंच घेतलं जायचं, जणू ते मधल्या सुट्टीत चहाला गेलेत. प्रतिभा निकेतन शाळेत शिक्षक, नंतर पीपल्स कॉलेजात प्राध्यापक आणि शेवटी प्राचार्य, एवढाच त्यांच्या नोकरीचा प्रवास. नांदेडला राहून त्यांनी मनुस्मृतीवर लिहिलं, नाट्यशास्त्रावर लिहिलं, कादंबऱ्यांवर, गांधींवर, हैदराबादच्या लढ्यावर लिहिलं. शिवाजी महाराजांवरच्या 'श्रीमान योगी' या कादंबरीला त्यांची मोठी प्रस्तावना आहे. तिच्यात जयजयकार शोधणाऱ्याच्या हाती फार लागत नाही, कारण ते एकामागून एक प्रश्न विचारत जातात.

मला त्यांची एक गोष्ट फार मोलाची वाटते. ज्या मताशी त्यांना भांडायचं असतं ते मत ते आधी पुरतं मांडतात, त्या बाजूच्या माणसालासुद्धा जमलं नसतं इतक्या ताकदीनं. वाचताना शंका येते की गुरुजी त्याच बाजूचे आहेत की काय. मग ते उत्तर द्यायला लागतात. लातूरच्या खोलीत मी हे करून बघायचं ठरवलं. घरमालकांची बाजू लिहायला घेतली. घर त्यांचं, कमाई त्यांची, वरच्या मजल्यावर म्हातारी आई सोवळ्याओवळ्यातली, शेजारी काय म्हणतील हा धाक. हे सगळं लिहिताना हाताला जड गेलं, पण एक फायदा झाला. त्यांच्या बाजूचं एकेक कारण मांडून झाल्यावर दिसलं की त्यातल्या एकाही कारणात ती मुलगी नाही. ती काय शिकते, कशी राहते, भाडं वेळेवर देईल का, यातलं काही त्यांना जाणून घ्यायचंच नव्हतं.

मग मी संविधान काढून वाचलं. मुलीच्या नागरिकशास्त्राच्या पुस्तकापलीकडं मी ते तोवर वाचलं नव्हतं. सतराव्या कलमानं अस्पृश्यता नष्ट केली. पंधराव्या कलमात दुकानं, उपाहारगृहं, विहिरी, तलाव, रस्ते यांची नावं आहेत. भाड्याच्या खोलीचं नाव त्या यादीत नाही. तेव्हा मला जनार्दन वाघमारे आठवले, त्यांनी अमेरिकेतल्या काळ्या माणसांच्या साहित्यावर मराठीत लिहिलंय. ते लातूरच्या राजर्षी शाहू महाविद्यालयाचे प्राचार्य होते आणि १९९४ मध्ये नांदेडला विद्यापीठ झालं त्याचे पहिले कुलगुरू. या दोन गावांना त्यांनी अमेरिकेतल्या काळ्या लेखकांची ओळख करून दिली, आणि मी मात्र ते सगळं परीक्षेपुरतं ऐकून सोडलं होतं. आता त्या वाटेनं पुढं गेले तेव्हा कळलं की तिथंही 'घर आधीच दिलंय' हे वाक्य वर्षानुवर्षं चालत होतं, आणि १९६८ मध्ये त्याविरुद्ध वेगळा कायदाच करावा लागला. आमच्या मराठवाड्यात १९७८ मध्ये मराठवाडा विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचं नाव देण्यावरून दलित वस्त्या जळल्या. नांदेड जिल्ह्यातली गावं त्यात होती. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडला. विद्यापीठाच्या कमानीवर नाव लागलं, पण त्याच विद्यापीठाची स्वप्नं बघणाऱ्या मुलीला खोली देताना पहिला प्रश्न आडनावाचाच राहिला. हे मी लिहिलं आणि त्याखाली तारीख घातली.

हळूहळू समासात खुणा करायची सवय लागली. जे डोळ्यांनी बघितलं त्याच्यापुढं 'पा', जे कुणाकडून ऐकलं त्याच्यापुढं 'ऐ', आणि नुसतं वाटलं तर 'वा'. पहिली काही पानं परत चाळली तर 'वा' फार निघाले. जून २०२४ मध्ये वैद्यकीय प्रवेशाच्या 'नीट' परीक्षेच्या पेपरफुटीच्या तपासात लातूरचं नाव देशभर झालं, त्या आठवड्यात या खुणांची खरी गरज पडली. गच्चीवर, भाजीच्या गाड्यावर, मेसच्या दारात रोज नवी बातमी यायची. कुणाच्या तरी मेव्हण्यानं बघितलेलं, कुणाला तरी आधीच माहीत असलेलं. मी सगळं लिहिलं आणि समासात सलग 'ऐ' उमटत गेले. माझ्या डोळ्यांसमोरची गोष्ट एवढीच होती, की दोन वर्षं दिवसाचे बारा-चौदा तास पुस्तकात डोकं घातलेली लेकरं अचानक एकमेकांच्या मार्कांकडं संशयानं बघायला लागली होती. त्याच्यापुढं 'पा' लिहिता आलं. त्या काळात छापून आलेल्या मोठमोठ्या मथळ्यांपेक्षा मला ते जास्त महत्त्वाचं वाटतं, अजूनही.

वही इतरांच्या हातात गेली ती पाण्यामुळं. आमच्या इमारतीत सहा खोल्या होत्या आणि खाली एक हौद. नळाला रोज पाणी येत नसे, मग कुणी किती घागरी भरायच्या यावरून कुरबूर व्हायची. एका दुपारी शेजारच्या, रेणापूरकडच्या काकूंनी विचारलं, "रोज काय लिहायलात ओ ताई? हिशेब हाय का?" मी म्हटलं, "पाण्याबद्दल लिहिलंय, ऐकता का?" गच्चीवर वाळवण घातलेलं होतं. तिथंच सावलीला बसून मी वाचून दाखवलं.

मी लिहिलं होतं ते असं. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडं पडलं आणि लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं. १२ एप्रिलला मिरजेहून पहिली गाडी आली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर पाणी. पुढं पन्नास वाघिणींची गाडी येऊ लागली. त्याआधी मार्चमध्ये पाणी भरायच्या ठिकाणांजवळ जमावबंदी लावावी लागली होती. आणि याच मांजरेच्या खोऱ्यात ऊस उभा असतो, साखर कारखाने चालतात. ज्या खोऱ्यात माणसाला प्यायला पाणी परमुलखातून येतं तिथं सर्वांत तहानलेलं पीक घ्यायचं का, हा प्रश्न एकट्या शेतकऱ्याचा किंवा एकट्या कारखान्याचा नाही, सगळ्या समाजानं तो सोडवला पाहिजे, असं माझं म्हणणं होतं.

काकू शेवटपर्यंत गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "वही ठिवा माझ्यापाशी दोन रोज." वही परत आली तेव्हा माझ्या लिखाणाखाली पेन्सिलीनं त्यांचं उत्तर होतं. अक्षर मोठं, ओळी वर चढत गेलेल्या. त्यांनी एका एकर सोयाबीनचा खर्च मांडला होता : नांगरणी, बी, खत, फवारणी दोनदा, काढणी, मळणी, आडतीपर्यंतचं भाडं. उजव्या बाजूला आकडे आणि खाली बेरीज, अगदी किराणा दुकानाच्या पावतीसारखी. बेरजेखाली लिहिलं होतं, 'हे आमच्या हातात. दर आमच्या हातात नाही.' आणि मग, 'उसाला एफआरपी आहे. कायद्यानं ठरलेला दर आहे, कारखाना तोडून नेतो. सोयाबीनचा हमीभाव पेपरात वाचायला मिळतो. तुम्ही पाणी बघितलं. बरं केलं. पण आम्ही काय बघून पेरतो तेही बघा.'

त्या वर्षी, म्हणजे २०२४-२५ ला, सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि लातूरच्या बाजारात माल त्याच्या खालीच विकला जात होता. लातूरची बाजार समिती म्हणजे सोयाबीनची मोठी पेठ. तिथंही अशी गत असेल तर बाकीच्या गावांचं काय सांगावं. काकूंचं उत्तर मी पुन्हा पुन्हा वाचलं. कुरुंदकरांकडून मी शिकले होते की समोरच्याची बाजू आपण पूर्ण ताकदीनं मांडावी. इथं समोरची बाजूच पेन्सिल घेऊन बसली होती, आणि ती मला कधीच इतकी नेमकी मांडता आली नसती. मी पुढच्या पानावर लिहिलं, की मांजरेच्या खोऱ्यात ऊस किती लावायचा हे धरणातल्या पाण्यावरून ठरलं पाहिजे, हे माझं मत कायम आहे. पण त्याची किंमत उसाच्या शेतकऱ्यानं एकट्यानं मोजायची नाही. सरकारनं आधी सोयाबीन आणि तूर हमीभावानं, सगळी, वेळेवर खरेदी करावी. मगच कुणाला ऊस सोडा म्हणण्याचा अधिकार उरतो. त्यावर काकूंनी नुसतं लिहिलं, 'हे पटलं. पण कोण करणार?'

तिथून ती वही माझी एकटीची राहिली नाही. ती खोल्याखोल्यांतून फिरू लागली. मी लिहायची आणि खाली बायका लिहायच्या. काहींनी मुलींकडून लिहून घेतलं. आडनावाचं पान उदगीरच्या एका आपांनी ऐकलं. त्यांना मराठी बोलता येतं, लिहिण्याचा सराव नाही. त्यांच्या मुलीनं त्यांचे शब्द उतरवून घेतले : 'तुमचं आडनाव तरी विचारतात. आमचं नाव ऐकलं की पुढचा प्रश्नच येत नाही. आम्हाला ही खोली मिळाली ती एका सरांनी सांगितलं म्हणून.' ते वाचून अहमदपूरच्या एका वहिनींनी खाली लिहिलं की त्यांच्या स्वतःच्या घरात, गावाकडं, भाडेकरू ठेवताना सासरे हेच करतात आणि त्यांनी आजवर तोंड उघडलेलं नाही. एवढं लिहायला किती धैर्य लागलं असेल! ती वही घरी कुणाच्या हाती लागली असती तर काय झालं असतं हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

सगळ्याच पानांवर अशी चर्चा झाली नाही. मी 'लातूर पॅटर्न'वर बरंच लिहिलं, शाहू कॉलेजातून तो कसा वाढत गेला, सरावाची शिस्त कशी बसली, आणि तीच शिस्त पुढं सगळीकडं क्लासच्या धंद्यात कशी गेली. त्यावर कुणी काही लिहिलं नाही. एका बाईंनी तोंडानं सांगितलं, "ताई, ते पान लेकराच्या परीक्षेनंतर वाचते." ते मला समजलं. ज्या फांदीवर लेकरू बसलंय ती आई हलवून बघत नाही. माझ्या मुलीलाही मी ते पान दाखवलं नव्हतं. सहा तासांपेक्षा कमी झोपणाऱ्या मुलीपुढं शिक्षणव्यवस्थेची चिकित्सा ठेवण्यापेक्षा गरम भाकरी ठेवणं मला योग्य वाटलं.

मला कुणी विचारलं की या लिहिण्यानं झालं काय, तर एकच बदल मी खात्रीनं सांगू शकते. आमच्या गच्चीवरच्या गप्पांत 'असं असतंच' हे कमी झालं. कुणी म्हणालंच तर दुसरी हसून विचारायची, "पा का ऐ?" म्हणजे तू बघितलंस की ऐकलंस? स्वयंपाक, टेस्टचे मार्क, गुडघेदुखी यांच्या मधोमध हा प्रश्न येऊन बसला. नांदेडच्या डॉ. वृषाली किन्हाळकर स्त्रीरोगतज्ज्ञ आणि कवयित्रीही आहेत. त्यांच्याबद्दल बोलताना आमच्यातल्या एका आईनं म्हटलं होतं, की डॉक्टर होणाऱ्या पोरींनी पेशंट बायका काय सोसतात हे लिहून ठेवायला पाहिजे. वहीच्या आधी ती बाई असं बोलली असती असं मला वाटत नाही. इथं मात्र समासात 'वा' लिहायला हवं.

मे २०२५ मध्ये परीक्षा झाली. मुलीला एमबीबीएस मिळालं नाही, नांदेडला आयुर्वेदाला प्रवेश मिळाला आणि ती तिथं रमली. खोली सोडताना वही मी अहमदपूरच्या वहिनींकडं ठेवली, कारण त्यांच्या धाकट्याची अजून दोन वर्षं आहेत. एसटीत बायकांना २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, त्यामुळं कधीही येऊन वाचून जा, असं त्या म्हणाल्या.

गावी परतले आणि ऑगस्टमध्ये मुखेड तालुक्यात तो पाऊस झाला. रावणगाव, हसनाळ अशा गावांत रात्रीतून पाणी शिरलं. माणसं गेली, जनावरं गेली, मदतीला लष्कराचं पथक आलं. लेंडी धरणाचा प्रकल्प आणि त्यातल्या गावांचं पुनर्वसन हा आमच्याकडं कित्येक वर्षांचा प्रश्न आहे, आणि त्या आठवड्यात प्रत्येकाजवळ त्याचं एक तयार उत्तर होतं. मी नवी वही शिवली. ज्यांच्या घरात पाणी आलं त्यांच्याकडं जाऊन बसते, ते सांगतात तसं लिहिते, आणि घरी आल्यावर समासात खुणा करते. काही ठिकाणी बायका आधी बोलत नाहीत. मग मी रेणापूरच्या काकूंचं पेन्सिलीतलं उत्तर सांगते, आणि वही त्यांच्यापुढं सरकवते.

सध्या एका आजींचं सांगणं अर्ध्यावर आहे. पाणी किती वाजता उंबऱ्याला लागलं ते त्यांनी सांगितलं, कारण त्या जाग्या होत्या. त्याच्यापुढं 'पा' आहे. गाव सोडायला आधी कुणी, कधी सांगितलं होतं याबद्दल मात्र त्यांच्या दोन मुलांची दोन मतं आहेत. दोघांचंही 'ऐ' आहे. थोरला येत्या रविवारी घरी असेल, तेव्हा जाऊन त्याच्याकडं काही कागद आहे का ते विचारायचं आहे.